गुरुजींची शुद्ध भाषा

आमच्या प्रकाशा गावच्या शाळेतले गुरुजी आठवतात ना? वर्गात अहिराणी बोललं की काठी उगारून ओरडायचे, "शुद्ध बोल! हात पुढे कर!" घरी स्वतःच्या पोरालाही अहिराणी बोलू दिली नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो तर मोबाईलवर नातीची शिकवणी चाललेली. ती मोरोक्कोत, फ्रेंच शाळेत. त्या शाळेत म्हणे प्रत्येकाने उद्या आपल्या घरची भाषा बोलून दाखवायची. बापालाच येत नाही, मग आजोबांना फोन!

गुरुजी घामाघूम. "चुकलीस! 'माझं गाव' नाही, 'मन्हं गाव प्रकाशा शे' म्हण. शुद्ध बोल!"

मी त्यांचीच काठी उचलली. "गुरुजी, हात पुढे करा."

मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले, "चूप बस रे, मन्ही नात शिकी ऱ्हायनी!"