कुसुमच्या तोंडातला लाल लाइट

...न गरम, न थंड, न टोचणं, न काही! तुमाले सांगतो, ती दातवाली डॉक्टरीनबाई... रुचिका नाव तिचं, आपल्या पोरीच्या वयाची... हातात पेनासारखी काडी घेते, माया बायकोले म्हणते, "काकू, आ करा," अन् त्या काडीच्या टोकाचा लाल लाइट तोंडात इकडं टेकव, तिकडं टेकव, पिक्-पिक् वाजते अन् म्हणते, "झालं!" झालं? अवो, काय झालं? मी हळूच मायं बोट धरून पाहिलं काडीखाली. मच्छर बसला तरी समजते ना बाप्पा माणसाले! अन् एवढ्याशा लाइटासाठी बाई, कुसुम अन् मी, तिघंही काळे चष्मे लावून बसलेलो. तुमीच सांगा, असं कोठी औषध असते काय?

आता तुमी म्हणसान, चंद्रभानजी, तोंडात लाइट कायले? सांगतो ना. आमी आंधळगावचे, कोशाच्या रेशमाचं लुगडं विणणारे. चाळीस वर्सं मी मागावर बसून राहिलो अन् चाळीस वर्सं कुसुम बाजूले धाग्याच्या कांड्या भरता भरता बोलून राहिली. मागाची खटखट अन् हिची वटवट, कोणती कोणाची ते शेजारच्या देवाजीलेही समजे नाही! "अजी, आयकून राहिले का? अजी, मी भिंतीशी बोलून राहिली का?" दिवसभर हेच. अन् दाताले घासाले तंबाखूची गुडाखू. मी म्हणो, सोड वो ते. ती म्हणे, "पयले तुमचा तंबाखूचा खर्रा सोडा." मी सोडला नाही, तिनं सोडली नाही, अन् गालाच्या आतून गाठ तिले आली. मले नाही आली. हा कोणता न्याय, ते वरच्याले माहीत.

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं सांगतलं, कॅन्सर आहे, मशीनचे तेहतीस शेक द्या लागन, एकही चुकवाचा नाही. दहा झाले, ठीक होतं. पंधरा झाले अन् तोंड आतून असं सोललं, असं सोललं, का पाण्याचा घोट घेतला का डोळ्यातून धार. भाताची पेज उतरेना. अन् बोलणं बंद! कुसुमचं बोलणं बंद! घर एवढं चूप, का मले मायाच मागाचा आवाज खायले उठे. तवा डॉक्टरनं खालच्या मजल्यावर पाठवलं, या लाइटवाल्या बाईकडं. म्हणे, शेक वरती, लाइट खाली, दोन्ही रोज.

मी म्हणलं, "डॉक्टरसाहेब, वरती जाळता, खाली विझवता, मंग जाळताच काहून?"

डॉक्टर म्हणते, "काका, शेक बिमारीसाठी, लाइट जखमांसाठी. लाइटानं बिमारी जात नाही."

मले समजलं. नाही... समजलं नाही, नुसतं आयकलं. कारण का मी कोष्टी माणूस, आमच्या धंद्यात धागा तुटला का माग थांबवाचा, गाठ माराची, मंगच धोटा फेकाचा. तुटल्या धाग्यावर विणत गेलं का लुगड्याचं वाटोळं! म्हणलं, हे डॉक्टर लोकं शिकलेले, पण माग नाही चालवला यायनं. पयले तोंड भरू दे, मंग शेक. ठरवलं मी! माया मीच! कुसुमले सांगतलं, "वरची मशीन बिघडली." अन् खाली रुचिकाबाई विचारे, "काका, आजचा शेक झाला?" तर मी म्हणो, "हौ." कुसुम मायाकडं पाहे... अजी, काय पाहे ती! बोलता आलं असतं तर तिथंच पकडला असता तिनं मले. मायं खोटं पकडणारी दुनियेत एकच बाई, अन् तिचंच तोंड बंद.

नऊ दिवस. नऊ दिवस तो न-गरम-न-थंड लाइट, अन् नवव्या दिवशी काय सांगू तुमाले, कुसुमनं मऊ भात अन् लाखोरीच्या दाळीचं पाणी वाटीभर खाल्लं! रडलो मी. तिनं वाटी खाली ठेवली, तोंड पुसलं अन् इतक्या दिवसात पयलं वाक्य बोलली. काय बोलली? "अजी, मशीन खरंच बिघडली होती का?"

असं कोठी औषध असते काय!

दुसऱ्या दिवशी मी छाती काढून तिले वरती घेऊन गेलो. डॉक्टरनं कागद पाहिला. "नऊ दिवस कुठं होते?" मी धागा, गाठ, माग, सारं सांगतलं. ओरडला नाही तो. ओरडला असता तर बरं झालं असतं. चष्मा काढला, पुसला, म्हणे, "काका, माग थांबवला का कापड थांबते. बिमारी नाही थांबत."

उरलेले शेक दिले, वरून आणखी दिले. चार महिने गेले अन् मानेले गाठी आल्या. मागच्या हप्त्यात डॉक्टरनं कुसुमले वजन कराले बाहेर पाठवलं अन् मले म्हणे, "आता घरीच ठेवा, काका. जे मांगन ते खाऊ घाला." मी विचारलं, "माया त्या नऊ दिवसानं झालं का?" म्हणे, "असं नाही सांगता येत." हौ नाही म्हणला. नाही बी नाही म्हणला.

बाहेर आलो तर कुसुम उभी. "काय म्हणे डॉक्टर?"

मी म्हणलं, "जे पाहिजे ते खा म्हणे."

बाप्पा, काय खूश झाली! एस्टीत बाजूच्या बाईले सांगे, "डॉक्टरनं पथ्य उठवलं मायं!" घरी आल्या आल्या शेजारच्या कलाबाईले हाक, "ये वो, पातोडीचा रस्सा कर, झणझणीत!" साऱ्या गल्लीले सांगून झालं, का मी बरी झाली, त्या लाल लाइटानं बरी झाली. आता दिवसभर बोलून राहिली. "अजी, आयकून राहिले का?" हौ, आयकून राहिलो. चाळीस वर्सात नाही आयकलं एवढं. तोंडात एक फोड नाही तिच्या, आतून लहान लेकरासारखं तोंड.

अन् मी? रोज ठरवतो, आज सांगाचं. समोर बसतो, तोंड उघडतो, अन् निघते काय, तर "तिखट झालं का वो?" बस, एवढंच. तिले सांगता येत नाही... म्हणून तुमाले सांगून राहिलो.