दाजींनी पूल ओलांडला

हॅलो?... कोण, धाकटी? अगं बोल ना, मोठ्यानं बोल... नाही, घरातच आहेत तुझे दाजी. आतल्या खोलीत दाढी करताहेत... नको, ठेवू नकोस. अगं ऐक ना, आज कुजबुजायचं नाही.

हो, हो… कळलं तुला? बरोबर. कालपासून कामावर जाताहेत. त्याच नव्या कंपनीत, कालव्यावरचा पूल ओलांडून पलीकडे... मी कुठली तयार करतेय त्यांना! सरकारी कारखाना बंद पडून चार वर्षं झाली. बाहेरचा स्वस्त माल आल्यावर आपले पंप कोण घेणार? तेव्हापासून हा माणूस खिडकीशी बसून. माझ्या शिवणयंत्राच्या आवाजानंसुद्धा चिडायचे. आणि नव्या कंपनीत जा म्हटलं की एकच पालुपद, पलीकडच्यांच्या हाताखाली मेलो तरी जाणार नाही... हो गं, तू पलीकडच्याशी लग्न केलंस तेव्हाही असंच, मेलो तरी तिला उंबरा ओलांडू देणार नाही. आईनंतर तुझं माहेर ते काय हेच, आणि तेही...

असो. परवा सकाळी स्वतःच उठले, इस्त्रीचा शर्ट मागितला. मी कुठे म्हणूनही विचारलं नाही. म्हटलं, विचारलं आणि परत बसले तर?... तिथे गेले, तर परीक्षा घ्यायला एक मुलगी. इंजिनियर. पलीकडचीच... थांब, पुढे ऐक. आपल्या कारखान्यात झाडूवाले काका होते बघ, उंच, जरा वाकून चालायचे... तेच. त्यांची मुलगी. पलीकडच्यांना तिथे झाडू सोडून दुसरं काम कधी मिळालं? प्यायच्या पाण्याच्या नळालाही हात लावायची मुभा नव्हती. एकदा यांनी काकांच्या हातातला पेला काढून घेतला होता म्हणे, भरलेला... मला तरी कुठे ठाऊक होतं? परवाच सांगितलं त्यांनी, भिंतीकडे तोंड करून.

ओळखलं ना तिनं. कागदावरचं नाव वाचलं आणि ओळखलं. नुसतं एक बंद पडलेलं यंत्र दाखवलं, म्हणाली, बघा जमतंय का. यांनी हात ठेवला, कान लावला, अर्ध्या तासात चालू. तेव्हा म्हणाली, "बाबा सांगायचे, तुमच्यासारखा फिटर अख्ख्या कारखान्यात नव्हता"... छे, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर हे तडक घरी आले असते.

मग यांनी विचारलं, बाबा कसे आहेत. गुडघे गेलेत म्हणे त्यांचे. कारखाना गेला तेव्हा आपल्या हातावर निदान थोडी भरपाई ठेवली, काकांचं नाव त्या यादीतही नव्हतं. आपण आपलंच रडत बसलो गं.

हो… गेले. तिथूनच थेट काकांच्या घरी, पत्ता विचारत. काकांनी बसवलं, पाणी दिलं. हे प्यायले... नाही, माफीबिफी काही जमली नाही. ओळखतेस ना तू त्यांना. रिकामा पेला हातात धरून बसून राहिले, खाली ठेवता येईना. शेवटी काकाच म्हणाले, "अजून हवंय का पाणी?"

... रडतेस काय वेडे... आणि सगळं गोड नाहीये हं. वरच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात तोंड फिरवतात. यांनाच म्हणतात, तेव्हा नळ राखणारा आता पलीकडच्यांचीच चाकरी करतो... हो, तेही खरं. उद्या कंपनीनं गाशा गुंडाळला तर आपण पुन्हा खिडकीशी. माहीत आहे गं मला.

पण काल कामावरून आले, जेवायला बसले, आणि ताटाकडे बघत मला म्हणाले, "धाकटीच्या मिस्टरांना खायला काय आवडतं?" बारा वर्षांत पहिल्यांदा 'तो' नाही, 'मिस्टर'. आणि मला सांगता येईना बघ. आपण चोरून पाच मिनिटं बोलणार, त्यात तुझ्या नवऱ्याच्या आवडीनिवडी कधी निघाल्याच नाहीत... काय म्हणालीस? वांगी? बरं. आणि तिखट चालतं?...

थांब जरा. आलेत बाहेर. इथेच उभे आहेत, टॉवेल खांद्यावर... अहो, धाकटी आहे... हं?... बरं.

अगं, फोन मागताहेत... काय बोलू म्हणजे? काही बोलू नकोस. ते आधी थोडा वेळ गप्पच राहतील, त्यांना लवकर जमत नाही. तू फक्त ठेवू नकोस हं... देते.