पान एकेचाळीसवरची बॅग

मुद्रितशोधक : वहिनी, स्वल्पविराम हलवायचा असेल तर आत्ता हलवतो. पण बॅग कोण विसरलं ते मी कसं बदलू? मी मुद्रितं तपासतो, लोकांचे संसार नाही.

पत्नी : मग आज तेही तपासा. पान एकेचाळीस. 'गाडी सुटली आणि तिला आठवलं, बॅग फलाटावरच राहिली.' तिला! अकरा आवृत्त्या मी ती बॅग विसरतेय, भाऊजी. बाराव्यांदा विसरणार नाही.

कादंबरीकार : अगं, ती नायिका आहे. तू नाहीस.

पत्नी : नायिकेच्या हनुवटीवर तीळ आहे, ती झोपेत दात खाते आणि तिच्या मामाचं छत्र्यांचं दुकान आहे. माझ्या मामाचं कसलं दुकान होतं हो?

कादंबरीकार : तो योगायोग.

पत्नी : मामा गेला तेव्हा भेटायला आलेली बाई मला काय म्हणाली? 'तुम्हीच ना त्या बॅगवाल्या?' नातीच्या परीक्षेत प्रश्न आला, 'नायिकेचा वेंधळेपणा सोदाहरण स्पष्ट करा.' पोरीला आठपैकी आठ मिळाले. उदाहरणं घरचीच होती म्हणाली.

मुद्रितशोधक : मधुचंद्राची कादंबरी म्हटलं की लोक हीच सांगतात, वहिनी. थोडं सोसावं लागतं.

कादंबरीकार : आणि तिचा वेंधळेपणा हाच तर पाया आहे. बॅग राहिली म्हणून दोघांना अंगावरच्या कपड्यांनिशी आठ दिवस काढावे लागतात, म्हणून ती खोलीबाहेर पडत नाहीत, म्हणून एकमेकांशी बोलतात. बॅग सोबत असती तर धबधबा बघून घरी आली असती. पाच पानांत खेळ खलास!

पत्नी : बॅग राहू दे ना फलाटावर! गाडीत चढवा म्हणतेय का मी? विसरणारा बदला. इतकंच.

मुद्रितशोधक : सर, तसं अवघड नाही. पानं छपाईला जायला अजून तासभर आहे. हे एक वाक्य, आणि पुढे सतरा ठिकाणी ती स्वतःला दोष देते आणि तो मोठ्या मनाने माफ करतो, तेवढं उलटं केलं की झालं.

पत्नी : सतरा वेळा माफ केलंय मला?

मुद्रितशोधक : एका परिच्छेदात तर दोनदा.

कादंबरीकार : मी बॅग विसरलो नव्हतो.

पत्नी : हे बघा! चाळीस वर्षं हेच. मग काय, बॅग माझ्यावर रुसून खाली उतरली?

मुद्रितशोधक : शुद्धिपत्र लावू या का? शेवटी छोटी चिठ्ठी चिकटवायची. 'पान ४१वर ती बॅग विसरली असे छापले आहे, तो विसरला असे वाचावे.' मागे एका औषधांच्या पुस्तकाला लावलं होतं. तोवर बऱ्याच जणांनी औषध घेऊन झालं होतं, पण शुद्धिपत्र चोख होतं.

कादंबरीकार : शुद्धिपत्रातही खोटंच छापणार? विसरलो नव्हतो म्हणजे नव्हतो.

मुद्रितशोधक : मग वहिनी विसरल्या?

कादंबरीकार : तीही नाही.

मुद्रितशोधक : मधुचंद्राला आणखी कोणी होतं का सोबत?

कादंबरीकार : मध्ये एका स्टेशनात मी खाली उतरलो. पाणी आणायला.

मुद्रितशोधक : बॅग घेऊन?

कादंबरीकार : (खिडकीबाहेर बघत) पलीकडच्या फलाटावर परतीची गाडी उभी होती. मी चोवीस वर्षांचा. लग्नाला दोन दिवस झालेले. डब्यात एक अनोळखी मुलगी दात खात झोपलेली. वाटलं, हे आता जन्मभर. पुलाचा जिना चढलो. वर पोचतो तोच आमच्या गाडीची शिट्टी झाली, आणि मला काय झालं कोण जाणे, मी उलटा पळत सुटलो. बॅगेसकट पळता येईना. टाकली.

मुद्रितशोधक : मी... जरा चहाचं सांगून येतो.

पत्नी : बसा, भाऊजी. पळून तुम्ही जात होता, मग माझे कपडे कशाला नेत होता?

कादंबरीकार : दोघांची एकच बॅग होती. वेगळे काढत बसलो असतो तर तू जागी झाली असतीस.

पत्नी : झालेच होते जागी. जिना चढलात तेही दिसलं, हात हलवत पळत आलात तेही. मग डोळे मिटून घेतले.

कादंबरीकार : तुला माहीत होतं? मग चाळीस वर्षं 'तुम्ही विसरलात, तुम्ही विसरलात' म्हणून माझं डोकं का खाल्लंस?

पत्नी : चांगली सबब काढून दिली होती तुम्हाला. 'हो, विसरलो' एवढं म्हटलं असतंत तर मिटलं असतं. पण नाही! बायकोच्या नावावर खपवतील, स्वतः मात्र खोटं बोलणार नाहीत.

मुद्रितशोधक : वीस मिनिटं गेली, सर. काय छापू?

कादंबरीकार : खरं ते. जिना, परतीची गाडी, सगळं लिहून देतो.

पत्नी : काही गरज नाही. ते लोकांचं नाही. भाऊजी, 'तो विसरला' करा.

मुद्रितशोधक : केलं. पुढच्या सतरा माफ्याही उलट्या करतो. सर, इथे सही.

कादंबरीकार : घ्या. ... आणि काय गं, मी आलोच नसतो तर?

पत्नी : पुढच्या स्टेशनवर उतरून मामाकडे जाणार होते. चपला घालून बसले होते मी. तुम्ही धापा टाकत शेजारी येऊन बसलात, तेव्हा हळूच काढल्या.