राखीव ठेवलेली झांज

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि व्यापारी संघातले आम्हा सर्वांचे वडीलधारे, ज्यांच्या दुकानात माझी पंचवीस वर्षं गेली ते आमचे मालक, मालकीणबाई, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, माझे दुकानातले सहकारी, आमची जुनी-नवी गिऱ्हाइकं, आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसून माझ्याऐवजी छताच्या पंख्याकडे बघत असलेली माझी बायको, सर्वांना नमस्कार.

मला काउंटरमागून बोलायची सवय. तिथे समोर एकच माणूस असतो आणि त्याला काहीतरी हवं असतं. इथे दोनशे माणसं आहेत आणि चहाखेरीज कुणाला काही नको आहे. तेव्हा मी जरा चाचपडेन, सांभाळून घ्या.

अध्यक्षसाहेब म्हणाले, "हा माणूस वाद्यांच्या प्रेमापोटी या दुकानात आला आणि इथलाच झाला." साहेब, तुमचा मान राखून सांगतो, मी चार महिन्यांसाठी आलो होतो. झांज निवडायला.

हसू नका हो, खरंच. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. आमचा चौघांचा बँड होता आणि मी ड्रम वाजवायचो. कुठलं संगीत? एक्स्ट्रीम मेटल. म्हणजे काय, असं पुढच्या रांगेतले काका चेहऱ्यानेच विचारतायत. काका, दोन्ही पाय आणि दोन्ही हात जमतील तितक्या जोरात पळवायचे, आणि तरीही एकाने दुसऱ्याची वाट अडवायची नाही. दुकानात पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मालकीणबाई वरून धावत आल्या होत्या. "पाण्याची मोटर जळली का हो?" आठवतंय ना, बाई? त्या दिवसापासून मला 'धडधडे' हे नाव पडलं, ते आजच्या निमंत्रणपत्रिकेवरही आहे.

तर या संगीताला साजेशी झांज, म्हणजे ड्रमशेजारी स्टँडवर लावून काठीने वाजवायची धातूची थाळी, मला सापडत नव्हती. म्हटलं, दुकानातच नोकरी धरावी. येणारा प्रत्येक माल वाजवून बघता येईल, चार महिन्यांत मनासारखी मिळेल, ती घ्यायची आणि निघायचं. किती साधा बेत होता! मग तो फसला कुठे?

फसला तो असा, की मला दुसऱ्यांना निवडून देता यायला लागलं. एकदा एक नर्सबाई आल्या. त्या म्हणाल्या, "सगळ्यात जाड झांज दाखवा, मी फार जोरात वाजवते." सगळ्यांचा हाच गैरसमज असतो. मी म्हटलं, "ताई, जाड झांज बोलते जोरात, पण बोलणं आवरत नाही. तुमचा पुढचा ठोका येतो तरी तिचं मागचंच चाललेलं असतं. मग सगळ्याचा चिखल होतो. पातळ घ्या. पटकन भडकते, पटकन गप्प बसते." त्यांना पटेना. मग मी त्यांना दहा पावलं लांब उभं केलं आणि दोन्ही वाजवून दाखवल्या. लक्षात ठेवा मंडळी, वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं ते समोरच्याला ऐकू येत नाही. त्यांनी पातळ नेली.

आणि हो, झांजेआधी स्टूल घ्या. लोक सगळा जीव झांजांवर टाकतात आणि बसायला घरातली मोडकी खुर्ची ओढतात. मग पाय चालत नाहीत म्हणून पेडलला शिव्या देतात. पेडलही जोडीचं घ्या, एका ड्रमला दोन्ही पाय. आणि झांज फुटली तर टाकू नका. ती चांगल्या झांजेवर पालथी घाला. असा आखूड, घाणेरडा, खरखरीत आवाज येतो म्हणता, या संगीताला तोच तर हवा असतो!

बघा, लागलो विकायला. बायकोने आता पंख्यावरची नजर काढून कपाळाला हात लावला आहे. माफ करा.

आमच्या दुकानात एक काचेची खोली आहे, वाजवून बघायची. दार लावलं की आतला आवाज बाहेर येत नाही. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी भर गर्दीत त्या दाराची मूठ माझ्या हातात निघून आली. मी आत, मूठही आत. मी काचेवर थापा मारल्या, लोकांनी हसून हात हलवले. मी ओरडलो, त्यांना वाटलं गातोय! शेवटी ड्रमवर बसलो आणि जिवाच्या आकांताने वाजवायला लागलो, की कुणाला तरी काहीतरी बिनसलंय हे कळावं. काचेपलीकडे गर्दी जमली. एक आजोबा मान डोलावत होते. मालक, तुम्ही स्वतः एका गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात (मला ओठांवरून कळलं), "बघा, किती रमलाय!"

दोन तासांनी आपल्या दुकानाची सुतारकामं करणाऱ्या सुतारमामांनी दार काढलं. हा किस्सा आपण दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी हसतो. पण त्या दोन तासांत मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवलं होतं आणि त्यातला एक ठोकाही कुणाला ऐकू गेला नव्हता, हे मी कधी सांगितलं नाही. आज तोंडून गेलं. असो.

मालकांविषयी बोलायला हवं. माणूस देवासारखा, यात शंका नाही. माझी आई आजारी होती तेव्हा आठ दिवस स्वतः गाडी चालवत तिला दवाखान्यात नेलं. मी कधी रजा मागितली आणि नाही म्हणाले, असं झालं नाही. मालक, तुम्ही जरा वाईट असतात ना, तर मी केव्हाच सुटलो असतो. हे मी कौतुकानेच म्हणतोय.

आता या सत्काराच्या भेटीविषयी. हे सुंदर घड्याळ. मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो. अठरा इंची झांज आहे. आकड्यांच्या जागी बारा भोकं पाडून पितळी खिळे बसवलेत, मधल्या भोकातून काटे काढलेत, कडेला माझं नाव कोरलंय. काम अर्थात सुतारमामांचं. मामा, हात सोन्याचे तुमचे. मालकांनी आत्ताच सांगितलं, की मागच्या गोदामात सगळ्यात खालच्या फळीवर ही झांज सापडली, तिच्यावर माझ्या अक्षरात 'राखीव' अशी चिठ्ठी होती, म्हणून त्यांच्या मनात ही कल्पना आली.

चिठ्ठी माझीच आहे. नोकरीच्या पाचव्या महिन्यात लावली होती.

ही झांज खोक्यातून काढली, एकदाच वाजवली आणि मला घाम फुटला. हीच ती! मग त्याच दिवशी का नेली नाही? कारण मी ठरवलं होतं, हिला घेऊन जायचं ते नोकरी सोडूनच. तेव्हा दुकानात माणसं कमी होती. म्हटलं, हा हंगाम जाऊ दे. मग आईचं आजारपण आलं. मग लग्न, मग मुलगी. दर वर्षी माल मोजताना मी खाली वाकायचो, चिठ्ठी आहे ना बघायचो आणि ताठ उभा राहायचो. चिठ्ठी आहे म्हणजे आपण जाणार आहोत. एवढ्यावर मी पंचवीस वर्षं काढली. मला कुणी कोंडलं नव्हतं हो, भित्रा मीच होतो.

म्हणून मघाशी वेष्टन सुटलं आणि मी उलटीपालटी करून चिठ्ठी शोधत राहिलो, तेव्हा निवेदक म्हणाले, "आनंदाने शब्द फुटत नाहीयेत." तसं नव्हतं ते. चिठ्ठी कुठेच नव्हती.

आणि पाठोपाठ मालकांनी जाहीर केलं, "हे घड्याळ काउंटरवर लावायचं आणि त्याखाली मॅनेजर म्हणून आमचे धडधडे बसणार. आता निवृत्त होईपर्यंत कुठे जायचं नाही!" केवढ्या टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मान हलवून हो म्हणालो, तुम्ही सगळ्यांनी बघितलं.

बँडमधला आमचा गिटारवाला आता दातांचा डॉक्टर आहे. त्यांचा बँड अजून चालू आहे, माझ्यानंतरचा चौथा ड्रमवाला पाठीच्या दुखण्याने बँड सोडून गेला. गेल्या आठवड्यात या डॉक्टरचा फोन आला. "पन्नाशी उलटली आपली. शेवटचं विचारतोय. रविवारी संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर मी दुसरा बघतो." आज रविवार आहे, अध्यक्षसाहेब. तुमच्या घड्याळात पावणेसहा झालेत.

आज सकाळी बायको माझा शर्ट इस्त्री करत होती. त्याच्या खिशात मालकांच्या नावाचं एक बंद पाकीट होतं. तिने ते काढलं, बघितलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ती एवढंच म्हणाली, "वरच्या खिशात घामाने भिजेल. कोटाच्या आतल्या खिशात ठेव." ते तिथेच आहे.

मी आभार मानून खाली बसणार होतो. देवाशपथ, तेवढंच ठरवलं होतं.

पण मामा, मला एक सांगा, हा मागचा नट हाताने फिरतो का? फिरतो. वा! थांबा मंडळी, दोन मिनिटं. मालक, घाबरू नका, मोडत नाहीये. हा मोठा काटा. हा लहान. हे यंत्र आणि हा त्याचा सेल. आणि हे बारा खिळे... हे बसू देत सध्या, घरी काढीन. भोकं पडलीत ती पडू देत. पालथी घातली की आवाज आखूड आणि घाणेरडा येईल, आत्ताच सांगितलं मी तुम्हाला.

मालक, काटे दुकानाचे आहेत, ते तुमच्याकडे ठेवा. झांज राखीव होती, ती मी नेतो. आणि हे पाकीट. इथे उघडू नका, उद्या माझ्या खुर्चीत बसून वाचा. महिनाभर येईन, सगळं नीट लावून देईन. तुमचे डोळे भरलेत, माझेही भरलेत. पण या वेळी मला रजा नका देऊ, जाऊ द्या.

आपण सर्वांनी माझ्यासाठी इतका वेळ काढलात, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, एखादं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. माझ्या मागच्या खिशात सवयीप्रमाणे ड्रमची एक स्टिक आहे. पुढच्या रांगेतल्यांनी कृपया कानांत बोटं घालावीत.