रिपोर्ट आता लवकर येतो

—नाही नाही, उभे नका राहू, बसा. ती खुर्ची जरा डुगडुगते, भिंतीला टेकवून घ्या. हां. मघाशी खिडकीशी तुम्ही फोनवर म्हणालात ना – ‘रिपोर्ट घेतो आणि मगच वर जातो आईकडे’ – ते आत ऐकू आलं. लखनौत कानावर मराठी पडलं की मान आपोआप वळते हो. नागपूरकडचे? अच्छा, वर्धा. आणि बँकेच्या बदलीनं इकडे. मी मिरजेची. डॉक्टर शुभदा. ही लॅब माझीच – म्हणजे हॉस्पिटलची, पण इतकी वर्षं इथे काढली की माझीच म्हणायची. तुम्ही राघव, आणि रक्ताच्या बाटलीवर नाव होतं त्या पद्मिनीबाई तुमच्या आई, बरोबर? चहा घ्या. घ्या हो, रिपोर्ट कुठे पळून जात नाही.

बाटली काल तुम्हीच आणलीत ना खाली? इथली रीतच आहे ती – रक्त काढायचं वर आयसीयूत, आणि नातेवाइकानं ते हातात धरून तळमजल्यापर्यंत पळायचं. आणि तुम्ही काय केलंत, गेटावरच्या रसवाल्याकडून बर्फ मागून घेतलात आणि बाटली त्या बर्फाच्या पिशवीत – रागावत नाहीये मी. सगळे तेच करतात. रक्त आहे, नासेल, असं वाटतं माणसाला, दुधासारखं. पण आम्हाला तर त्यातला जंतू वाढायला हवा असतो! त्याला उबेत ठेवायचं, खाऊ घालायचं, वाढला की बाटल्या ठेवायचं ते उबदार कपाट शिट्टी मारतं, मग कळतं कोण पाहुणा आहे. तरी वाढलाच तो. बर्फानं काही बिघडलं नाही त्याचं. तो कशानंच – साखर ठीक आहे ना? इथे जरा हात सैल असतो यांचा.

ते बघा, काचेपलीकडे ते पांढरं मशीन. चौदा साली आलं. त्यापूर्वी काय व्हायचं – जंतू वाढला की तो काचेच्या बशीत पसरायचा, भोवती औषधांच्या टिकल्या ठेवायच्या, आणि कोणत्या टिकलीपाशी मरतो ते बघत बसायचं. दोन दिवस, कधी तीन. मग मी रिपोर्ट लिहून वर पाठवायचे, आणि तो तसाच परत यायचा – ‘मैडम, बेड तो खाली हो गया.’ माणूस गेलेला आणि त्याचं औषध माझ्या हातात. असं किती वेळा, किती वेळा! म्हणून भांडले मी या मशीनसाठी. साहेबांशी भांडले, दिल्लीला चकरा मारल्या, लोक म्हणायला लागले, बाईला खूळ लागलंय. आलं तेव्हा हार घातला त्याला, नारळ फोडला, मलिहाबादहून दशहरी आंब्यांची पेटी आणून सगळ्यांना वाटली – आणि मी इथेच बसून रडले. खरंच रडले. कारण हे तासाभरात सांगतं. जंतूच्या जनुकांतच डोकावतं – औषध निकामी करायची युक्ती याच्याकडे आहे की नाही. मला वाटलं, आता माणसं वाचतील. वाचतात हो, खोटं कशाला बोलू. गेल्याच महिन्यात तेलीबागची एक बाळंतीण – भलतंच औषध चालू होतं, आम्ही कळवलं, दुपारी बदललं, बाळाला घेऊन हसत घरी गेली. पण कधी कधी ते तासाभरात एवढंच सांगतं की –

दाराकडे का बघताय? बरं, खरं बोलते. मराठी ऐकलं म्हणून आत बोलावलं, हे अर्धंच. आयसीयूच्या डॉक्टर निगमांचा फोन आला होता वरून. ‘मैडम, आपकी तरफ़ के लोग हैं, आप ही समझा दीजिए.’ दरवेळी हेच. त्यांना वाटतं, वाईट बातमी आपल्या भाषेत सांगितली की कमी लागते. कमी लागते? मला नाही वाटत. हिंदीत निदान ‘नीट समजलं नाही’ म्हणायला जागा राहते. आणि माणसांशी बोलायला लागू नये म्हणून तर मी हा विषय घेतला! शिकत होते तेव्हा वॉर्डात नातेवाइकांच्या तोंडाकडे बघवायचं नाही मला. जंतूंचं बरं, काचेखाली असतात, काही विचारत नाहीत. आणि आता बघा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जायचं सोडलंय मी. आरतीनंतर चारुलताबाई प्रसादाचं ताट घेऊन सगळ्यांपुढून आल्या – त्यांच्या मिस्टरांचं मीच सांगितलं होतं, याच खोलीत – माझ्यापर्यंत आल्या आणि ताट तसंच घेऊन मागे वळल्या. त्यांचा काय दोष? मला बघितलं की त्यांना तो दिवस दिसतो. अशी आणखी घरं आहेत या गावात. म्हणून गणपती घरीच बसवते. एकटीनं मोदक करायचे, एकटीनं खायचे. फार एकटं वाटतं हो – जाऊ दे, हे तुम्हाला कशाला सांगत बसले मी.

आला, रिपोर्ट सकाळीच आला. निगमांना लगेच कळवलं. नाही, राघव. चांगला नाही. ज्या जनुकांची भीती होती, ती आहेत. म्हणजे भारीतली भारी औषधंही त्याच्यावर लागू पडत नाहीत. एक उरलं होतं, ते निगमांनी रिपोर्टची वाट न बघता आधीच सुरू केलं होतं – बरोबर केलं त्यांनी – पण जंतू त्यालाही दाद देत नाहीये, आणि आता आईंच्या किडन्या बंद पडत चालल्यात. काय? घराजवळच्या दवाखान्यातल्या सुयांमुळे? माहीत नाही हो. असेल, नसेल, तो कुठून शिरला ते आता कुणीच सांगू शकत नाही. काय? तुम्ही त्यांना आंबे खायला इकडे बोलावलंत म्हणून? नाही, एवढं नक्की. ते आधी मनातून काढा.

गोमती नगरला न्यायचं? त्या मोठ्या हॉस्पिटलात? मला वाटलंच होतं, तुम्ही हे म्हणणार. तिथली शर्वरी माझी विद्यार्थिनी, तिला सकाळीच विचारून ठेवलंय – तिच्याकडेही हेच औषध आहे, वेगळं काही नाही. न्यायचंच असेल तर मी अडवणारी कोण? पण मग हा कागद घेऊन तुम्ही तिथल्या खिडकीशी उभे राहणार, आणि आई रस्त्यात, ॲम्ब्युलन्समध्ये. ऐका माझं. पूर्वी माझा रिपोर्ट वर जायचा तेव्हा पलंग रिकामा असायचा. आज नाहीये. या मशीननं तुमच्यासाठी एवढंच केलंय, दुसरं काहीच करता आलं नाही त्याला. आई जाग्या आहेत. निगम सांगत होते, सकाळपासून काहीतरी मागताहेत, मराठीत. सिस्टर बिचारी केरळची, पाणी दिलं तर मान हलवतात, पांघरूण दिलं तर मान हलवतात. तिला कळत नाही, निगमांना कळत नाही. आणि ज्याला कळेल तो काल सकाळपासून माझ्या खिडकीशी उभा आहे.

मी? नाही, मी नाही येणार. मला कळेल हो त्यांचं बोलणं, म्हणूनच – मी वर जात नाही. कधीच जात नाही. हात सोडा माझा. सोडा, राघव. कागद राहू दे, तो मी पाठवते मागून. लिफ्टला रांग असते, जिन्यानं जा. आत गेलात की हात धरा त्यांचा, नळ्या बाजूला करून धरा, सिस्टर काही म्हणणार नाही. काय? किती वेळ आहे? ते हे मशीन सांगत नाही. जा.