एलादिओची हाक

नाही हो, सीडी खराब नाहीये – द्या इकडे, बघू. सातवं गाणं ना? नॉर्बेर्तो ओरडतो, "वाजव रे, एलादिओ!" आणि मग ट्रॉम्बोनची फुंक येतच नाही, कीबोर्ड किणकिणतो – हेच ना? बदलून काय देऊ, सगळ्या तशाच आहेत. अख्ख्या सांतुर्से वस्तीत विचारणारे तुम्ही पहिले नाही. आपल्याकडे रीतच आहे ना, वाजवणाऱ्याची पाळी आली की गाणाऱ्यानं नावानं हाक मारायची – अर्धी माणसं त्या एका हाकेसाठी जन्मभर वाजवतात. माझा नवराही त्यातलाच. हो, तोच एलादिओ. आणि गाणारा माझा सख्खा धाकटा भाऊ, म्हणून तर इतकं माहीत.

रेकॉर्ड कंपनीला रेडिओवर चालेल असं हवं होतं – नाचायला थोडा साल्सा, थोडा मेरेंगे, दोन रडकी प्रेमगीतं, वरून साखर. तरी नॉर्बेर्तो हटून बसला, सातव्यात भावोजीच वाजवणार. वाजवलं त्यानं! जिना चढला तरी धाप लागायची तेव्हा, पण वाजवलं, आणि घरी येऊन ताटभर तळलेली केळी खाल्ली, इतका खूश. मग रेडिओवर लागणार म्हणून आळीतल्या सगळ्यांना बोलावलं. हाक आली – आणि ही किणकिण. एलादिओ उठला, कॉफीचे कप गोळा केले, एकेक धूत बसला. नॉर्बेर्तोचं तोंड मरेपर्यंत बघितलं नाही त्यानं. दफनाच्या दिवशीही माझा भाऊ दाराबाहेरच उभा.

नॉर्बेर्तोची चूक? छे, कसली त्याची! टेप आधी मला ऐकवायला आला होता बिचारा. सूर फाटत होता हो, मधेच श्वास तुटायचा. लोक हसतील याला, मीच म्हटलं, काढून टाक. मीच. नावही काढ म्हटलं, तर म्हणाला, "ताई, नाव तरी राहू दे गं." आणि सगळं आपल्या अंगावर घेऊन गप्प बसला. मीही गप्प. रोज सांगणार होते एलादिओला – आज सांगू, उद्या सांगू – आणि त्याचे उद्याच संपले.

काय? ती टेप? आहे ना, या खणात. चांगलं वाजवलंय हो त्यानं. आता कळतं, फाटलेलंसुद्धा चांगलं –

नाही. ऐकवणार नाही. ही घ्या तुमची सीडी, आणि निघा आता.