तेलाची वाटी आणि नातीचा पिच्चर

अगं, माझी नात सोनाली सोलापुरात शिनेमाचं शिकते. सुट्टीला नातेपुत्याला आली, पन डोक्याला तेल लावू देईना, केस चिप्प दिसत्यात म्हनं. ती म्होरं, मी वाटी घेऊन मागं.

परवा म्हनली, "आजी, पिच्चरमधला पाठलाग अन् सापळा, ह्याच्यावर कॉलेजात बोलायचंय. तू ऐक की."

"मग हितं म्होरं बस. मला लांबचं ऐकू येत न्हाय."

बसली माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या मधी, पाठ माझ्याकडं, लॅपटॉप मांडीवर. वाटी माझ्या पदराखाली होतीच.

"पळनारा दमून घावत न्हाय, आजी. बेसावध झाला की सोताच आत येतो."

"व्हय? मग?"

"मग दार बंद!"

मी दोन्ही गुडघे आवळले अन् वाटी तिच्या टाळूवर पालथी केली.

"आजीऽऽ!"

"वरडू नगंस. लांबचंबी ऐकू येतंय मला."